लाटांसाठी रॅम्प

व्हीलचेअर ढकलणाऱ्याला जेवढं पुण्य बसल्याजागी, म्हणजे दुसऱ्याच्या बसल्याजागी, मिळतं, तेवढं चारधाम करूनही मिळत नसावं. मावशीची खुर्ची घेऊन मी कुठेही गेलो की अनोळखी बायका माझ्याकडे अशा काही नजरेनं बघतात, की तसं माझ्या लग्नातही कुणी बघितलं नव्हतं. "आजकाल कोण करतं हो एवढं!" असं कानावर आलं की मी मान किंचित झुकवून हसतो. हे हसू मी आरशासमोर बसवलेलं आहे. मावशीलाही ते पाठ झालंय. मागे न बघताच ती म्हणते, "हसून झालं असेल तर चल. ब्रेक काढ आधी."

वॉटर पार्कची कल्पना तिचीच. आमच्या घराण्यात सहलीला कधी तोटा नव्हता, आणि प्रत्येक सहलीत सामानापाशी कुणीतरी बसायला लागायचं. ते कुणीतरी म्हणजे मावशी. लहानपणी पोलिओ झालेला, पायांत कॅलिपर, काखेत कुबड्या. तेव्हा तिला विचारायची पद्धतच नव्हती. समुद्रावर ती चपलांपाशी, धबधब्यावर डब्यांपाशी. पुढे कुबड्यांनी खांदे खाल्ले आणि खुर्ची आली, पण सामान सुटलं नाही. गणिताच्या बाईंच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर एके दिवशी ती म्हणाली, "बाळू, या वेळी चपला तू सांभाळायच्या."

तिकिटाच्या खिडकीत सुरुवात झाली. आतल्या मुलानं मला विचारलं, "आजींचं पूर्ण तिकीट कशाला काढता? त्या कुठे खेळणार?" आजी माझ्या शेजारीच होत्या. त्यांचे कानही उत्तम होते. "मला विचार," मावशी म्हणाली. "पूर्ण तिकीट दे. वसूल करायचं माझं मी बघते." त्यानं सुटे पैसे माझ्या हातात दिले.

आता कॉस्च्युम. या विषयावर मला बरंच बोलायचं आहे आणि घरात कुणी ऐकून घेत नाही. सुती कपड्यांचे धागे सुटून फिल्टरमध्ये अडकतात, म्हणून नायलॉनची सक्ती. इथपर्यंत शास्त्र आहे. पण त्या नायलॉनवर जास्वंद, नारळाचं झाड आणि एक पोपट असलाच पाहिजे, हे कुठल्या शास्त्रात सांगितलंय? मी खिडकीवर रुबाबात म्हटलं, "लार्ज." पोरानं माझ्याकडे बघितलं, म्हणजे चेहऱ्याकडे नाही, आणि आत ओरडला, "डबल एक्सेल काढ रे, नाडीवाली!" नाडी होती, पण तिचं एकच टोक बाहेर होतं. दुसरं नेफ्यात कुठेतरी भूमिगत झालेलं. भाड्याच्या चड्डीची नाडी शोधत उभ्या असलेल्या माणसाला हुद्दा राहत नाही. बाहेर गाडीतून उतरताना ज्यांनी गॉगलच्या वरून माझ्याकडे पाहिलं होतं, ते गृहस्थही शेजारी तोच पोपट लेवून तेच करत होते. आम्ही एकमेकांना ओळख दाखवली नाही. डिपॉझिटची पावती ओली होऊ नये म्हणून त्यांनी ती दातात धरली होती.

प्रश्न पोटाचा होता. श्वास आत घेतला की पोट जातं हे खरं, पण मग बोलता येत नाही, आणि मला बोलल्याशिवाय राहवत नाही. तेवढ्यात शोध लागला. व्हीलचेअरच्या पाठीची उंची आणि माझ्या पोटाची उंची तंतोतंत जुळते. वर सेवाभावी चेहरा, खाली मावशी, मधलं सगळं गायब. पाण्यापाशी पोचेपर्यंत मी खुर्ची क्षणभरही सोडली नाही. लोकांचा माझ्याविषयीचा आदर वाढतच गेला.

मावशी कॉस्च्युम घरूनच घालून आली होती, वर गाऊन. मी बायकांच्या चेंजिंग रूममध्ये जाऊ शकत नाही आणि तिची खुर्ची तिथल्या दारातून आत जाऊ शकत नाही. हे तिनं न बघताच गृहीत धरलं होतं. मी त्या दाराशी खुर्ची लावून बघितली. अंदाज बरोबर होता.

आत जायला दोन पायऱ्या आणि त्यांवर टाकलेला एक पत्रा. शेजारी रॅम्पची पाटी. फूटभर चढायला बारा फूट लांबी, एकास बारा, हे मावशीला पाढ्यासारखं येतं. तिनं छत्रीनं माप घेतलं. एकास तीनसुद्धा भरेना. "हा रॅम्प नाही रे, घसरगुंडी आहे," ती म्हणाली. "हिचं तिकीट वेगळं आहे का विचार."

पुढे खऱ्या घसरगुंड्या. मान दुखेपर्यंत उंच, रंगीबेरंगी, आणि प्रत्येकीला वर जायला पायऱ्याच पायऱ्या. मावशी बराच वेळ बघत होती. "म्हणजे उतार बांधायची कला आहे यांच्याकडे," ती म्हणाली. "फक्त एकाच बाजूनं."

वेव्ह पूलपाशी मात्र ती गप्प झाली. समोर काँक्रीटचा रुंद, हळूहळू पाण्यात शिरणारा उतार. ना पायरी, ना उंबरा. छत्री पुन्हा बाहेर आली. एकास बारापेक्षाही सौम्य! कारण साधं आहे. लाट खोल टोकाला यंत्रानं उठते. ती दुसऱ्या टोकाच्या भिंतीवर आदळून उलटी फिरू नये, उथळ होत होत फुटावी आणि विरावी, म्हणून तिच्यासाठी हा उतार करावा लागतो. अख्ख्या पार्कात नियमानुसार बांधलेला एकच रॅम्प, आणि तो लाटांसाठी. लाटा अडल्या तर पाणी बाहेर सांडतं. मावशी अडली तर काहीच सांडत नाही. २०१६ सालचा दिव्यांग हक्क कायदा तिच्या पिशवीत प्लॅस्टिकच्या पाकिटात असतो. आजवर तो तिनं जिथे जिथे काढला, तिथे समोरच्यानं आधी पाणी विचारलं आणि मग साहेब रजेवर असल्याचं सांगितलं. त्या दिवशी तिनं पिशवीला हातही लावला नाही, याचाच मला जास्त राग आला.

लाइफगार्डनं शिट्टी मारली. "खुर्ची पाण्यात नाही न्यायची!" ते मावशीला मान्य होतं, बेअरिंगला गंज चढतो. "टेक्सासात सॅन अँटोनिओला २०१७ पासून असा पार्क आहे," तिनं त्याला समजावलं, "तिथल्या खुर्च्या दाबलेल्या हवेवर चालतात आणि पाण्यात जातात. आमच्यासारख्यांना प्रवेशही फुकट." पोरगा प्रामाणिकपणे म्हणाला, "मग तिकडंच जायचं ना, आजी." मग मला विचारलं, "यांना पोहता येतं का?"

"सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर," मावशी म्हणाली, "युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले आणि १९७२ साली हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले. त्यांना कुणी विचारलं होतं?"

"कार्तिक आर्यनचा पिक्चर!" पोरगा एकदम खुलला. "चंदू चॅम्पियन! या, या, आजी!"

तेवढ्यात कॉलेजची चार पोरं प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन धावत आली. आजींना उचलून नेतो म्हणाली. एकानं आरोळी ठोकली, "गणपती बाप्पा..." उरलेल्यांच्या तोंडून "मोरया" निघालंसुद्धा. मावशीनं हात वर केला. "अजून विसर्जन करायचं नाहीये. मी माझी जाते." माझ्या दंडाला धरून ती खाली उतरली आणि बसल्या बसल्या, हातांच्या जोरावर, मागे मागे सरकत पाण्यात गेली. रिकामी खुर्ची काठावर राहिली. खुर्चीमागचा मी एकाएकी सगळ्यांना दिसलो. पोपटासकट.

भोंगा वाजला, लाटा सुरू झाल्या. तिचे पाय आधी वर आले. बारीक, हलके, कॅलिपरचे जुने वण असलेले. तिनं त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मोठ्यानं शिवी हासडली. आनंदाची होती. मी तिच्या तोंडून शिवी ऐकलेली नव्हती; वर्गातल्या पोरांनी ऐकली असेल. मी दोन्ही हातांनी तिचा दंड धरून ठेवला होता. "सोड की," ती ओरडली, "मी तरंगतेय! तू पडशील!" पुढच्या लाटेला मी पडलो.

लाटा थांबल्यावर ती जशी गेली तशीच सरकत बाहेर आली, माझ्या आधारानं खुर्चीत बसली आणि गाऊन पिळायला लागली. लाइफगार्ड म्हणाला, "आजी, पुढच्या लाटा अर्ध्या तासानं. थांबणार?"

"थांबते की," मावशी म्हणाली. "मला काय, बसायचं मी घरून आणलंय."

आसपासचे सगळे बाक भरले होते. तिनं पिशवी, छत्री आणि दोघांच्या चपला माझ्या हातात दिल्या.