मुंबईत, म्हणजे पनवेलला

मुंबईला बदली झालेल्या माणसाला पहिले दोन दिवस अभिनंदनाचे फोन येतात आणि तिसऱ्या दिवसापासून सल्ल्याचे. शहरात राहणार की बाहेर? विचारणाऱ्याने उत्तर आधीच ठरवलेलं असतं, आणि ते उत्तर म्हणजे त्याचा स्वतःचा पत्ता असतो. दादरवाला सांगतो, एक खोली घे पण शहरात घे. डोंबिवलीवाला सांगतो, माणसात राहा. पनवेलवाल्याची गोष्ट वेगळी. तो सांगतो, पनवेललाच ये, पनवेल आता बाहेर राहिलेलंच नाही. वाशीपुढची लोकल १९९८ साली पनवेलला पोचली, तेव्हापासून तो हे सांगतो आहे आणि दरवर्षी त्यातलं 'आता' नवं असतं.

पण पनवेल म्हणजे नेमकं कुठलं, हे विचारायची सोय नाही. लाइन आळीतल्या जुन्या पनवेलकराच्या लेखी रुळांपलीकडचं नवीन पनवेल म्हणजे उपनगर. नवीन पनवेलकराला कामोठे लांब वाटतं, कामोठेकराला तळोजा. खारघरकर तर पनवेलचं नावच काढत नाही. तो नवी मुंबईत राहतो, लग्नपत्रिकेवरही तसंच छापतो. वास्तविक १ ऑक्टोबर २०१६ ला पनवेल महानगरपालिका झाली तेव्हा खारघर तिच्यात आलं. तालुका पनवेल, जिल्हा रायगड. पिन कोड ४१० ने सुरू होतो, वाशीसारखा ४०० ने नव्हे. गाडीवर एमएच-४६, वाशीवाल्याच्या गाडीवर ४३. या तीन आकड्यांच्या फरकापायी माणसं कर्जत बाजूच्या नातेवाइकांना गेटवरच भेटतात आणि वाशी बाजूच्यांना बाल्कनीत बसवतात.

जुना पनवेलकर मात्र या भांडणात पडत नाही. त्याच्याकडे १८५२ साल आहे. त्या वर्षी पनवेलला नगरपालिका झाली. मुंबई महापालिकेचा कायदा १८८८ चा. तेव्हा कोण कोणाचं उपनगर, हे तुम्हीच ठरवा, असं म्हणून तो पान जमवायला घेतो. त्याचं चूक नाही. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला तेव्हा पुण्याला जाणारा मुंबईकर होडीने पनवेल बंदरात उतरायचा आणि इथून पुढे निघायचा. इथली बैलगाडीची चाकं नावाजलेली होती. मग १८५३ ला आगगाडी ठाण्याकडे धावली, पुढे कल्याण-कर्जतवरून घाट चढली, आणि पनवेलची मुंबईची गाडी जी चुकली ती एकशे पंचेचाळीस वर्षं. एवढा वेळ फलाटावर थांबल्यावर माणूस थोडा बढाईखोर होणारच.

१२ जानेवारी २०२४ ला अटल सेतूचं उद्घाटन झालं आणि मुंबई-पनवेल वाट पुन्हा समुद्रावरून सुरू झाली. एकवीस पूर्णांक आठ किलोमीटर. बिल्डरच्या जाहिरातीत शिवडी वीस मिनिटांवर आली. मोटारीला एका फेरीचा टोल अडीचशे रुपये, आणि दुचाकीला बंदी. म्हणजे ज्याला पनवेलचं घर परवडतं त्याची मोटरसायकल पुलावर चालत नाही आणि ज्याची मोटार चालते त्याला पनवेलला राहायची गरज नाही. तरी पूल आपलाच. पाहुणे आले की दाखवायला नेतो.

जाहिरातीतली मिनिटं कोण मोजतं, याचं मला कुतूहल आहे. स्टेशन पाच मिनिटं, मॉल सात, शाळा तीन. बहुधा रात्री तीन वाजता, पाऊस नसताना, रिक्षावाल्याने तोंडातून भाडं सांगायच्या आत मोजत असावेत. एजंटाला मिनिटांचीही गरज पडत नाही. तो ॲक्टिव्हा स्टँडवर लावतो, किल्ल्यांचा जुडगा बोटात फिरवतो आणि विचारतो,

"ऑफिस कुठंय सर?"

"बीकेसी."

"मग काय, कुर्ल्याला उतरलं की आलंच."

ऑफिस फोर्टात असेल तर अटल सेतू आहे. ठाण्याला असेल तर डायरेक्ट लोकल आहे. पुण्याला असेल तर एक्स्प्रेसवे कळंबोलीलाच सुरू होतो. आणि ऑफिस दुबईला असेल तर विमानतळ दहा मिनिटं. एजंटाच्या नकाशावर पनवेलपासून लांब असं ठिकाण पृथ्वीवर नाही. चौदाव्या मजल्यावरच्या बाल्कनीत उभं करून तो बोट दाखवतो. एअरपोर्ट व्ह्यू. वर्षानुवर्षं त्या बोटाच्या टोकाला एक क्रेन दिसायची. २०२५ च्या ऑक्टोबरात उद्घाटन झालं, २५ डिसेंबरला प्रवासी विमानं उडू लागली, आणि आता खरंच विमान दिसतं. आवाजाचं विचारलं तर म्हणतो, खिडकी लावली की येत नाही. पाण्याचं विचारलं तर म्हणतो, पाण्याचा काही प्रॉब्लेम नाही सर. मग जिन्यात, कुलूप लावताना, "टँकर टायमावर येतो."

बॅचलर चालत नाहीत हे तो सगळ्यात शेवटी सांगतो.

तरी पनवेलच्या बाजूने एक गोष्ट बोललीच पाहिजे, आणि ती कुठल्या माहितीपत्रकात नसते. इथून लोकल सुटते. घरापेक्षा ही मालमत्ता मोठी. सकाळी गाडी फलाटाला लागत असते, थांबलेली नसते, आणि एरवी जिना चढताना गुडघा धरणारे काका दांड्याला लटकून आत जातात, खिडकीवर रुमाल टाकतात आणि वळून मित्रासाठी पिशवी टाकतात. खांदेश्वर, मानसरोवरची मंडळी या खिडकीसाठी उलटी पनवेलला येतात. सीएसएमटीपर्यंत ४९ किलोमीटर, साधारण ऐंशी मिनिटं. त्यातली मानखुर्दपर्यंतची झोप हीच पनवेलकराची खरी झोप. दादरवाल्याचा प्रवास वीस मिनिटांचा, पण एका पायावर. आणि रविवारी हार्बरला मेगाब्लॉक असला की शहर की उपनगर हा प्रश्न त्या दिवसापुरता रेल्वेच सोडवते.

बदलीवाल्यांच्या या गोंधळात इथल्या मूळ गावकऱ्यांना कोणी विचारलंच नाही. सिडको १९७० ला आली, ठाणे, पनवेल आणि उरणच्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी लागली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या शेतकऱ्यांच्या आंदोलनावर गोळीबार झाला, पाच जण गेले, आणि पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं धोरण आलं. त्यांनी शहरात राहावं की बाहेर, असा विचार कधी केला नव्हता. शहरच बदली होऊन त्यांच्या भातखाचरात आलं. आज त्याच खाचरातल्या इमारतीच्या गेटवर त्यांच्या नातवाला वॉचमन विचारतो, कुणाकडे जायचंय?

माझ्या पाहण्यातला सांगलीचा एक इंजिनिअर. बीकेसीत नोकरी लागली. सगळ्यांचे सल्ले ऐकून वहीत दोन रकाने आखले, शहर आणि उपनगर. महिनाभर भरले. शेवटी दादरच्या डिपॉझिटचा आकडा ऐकला आणि वही मिटली. पनवेलला घर घेतलं, वीस वर्षांचं कर्ज. त्याचा सहकारी हट्टाने दादरला राहिला, ऑफिसजवळ. दीड वर्षाने कंपनीने ऑफिस ऐरोलीला हलवलं. दादरवाला रोज सकाळी शहरातून बाहेर जाऊ लागला आणि आमचा सांगलीकर ठाण्याच्या लोकलमध्ये खिडकीशी बसून त्याला फोटो पाठवू लागला. हा विजय सात-आठ महिने टिकला. मग कंपनीने पत्रक काढलं, ऑफिसला यायची गरज नाही, कुठूनही काम करा.

आता तो सांगलीला असतो. पनवेलचा फ्लॅट भाड्याने द्यायचा आहे, पण येतात ते बॅचलर, आणि सोसायटीचा तो नियम मंजूर करताना यानेच हात वर केला होता. पगार मुंबईचा, हप्ता पनवेलचा, जेवण आईच्या हातचं. परवा तिथे मुसळधार पाऊस होता, कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाशी किती चढलं याची गल्लीत चर्चा चालली होती. तेवढ्यात सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला : टँकरची वर्गणी, प्रत्येक फ्लॅटमागे, आजच भरावी. त्याने छत्री मानेत धरून जीपे केलं.