रस्ता कुठून न्यायचा ते सांगा, कशाला ते विचारू नका

आपल्याकडे पावसाळा आला की रस्ते बंद होतात. कॅनडातल्या उत्तर ओंटारिओत हिवाळा आला की सुरू होतात. नद्या, तळी, दलदल सगळं गोठतं, बर्फावरून ट्रक धावतात आणि वर्षभराचं डिझेल, बांधकामाचं सामान, किराणा आदिवासी गावांत पोहोचतो. बर्फ वितळला की उरतं विमान. आणि विमानाने आलेल्या दुधाचा भाव.

आता बर्फही बेभरवशाचा झालाय. फेब्रुवारी २०२४ मध्ये ४९ आदिवासी समुदायांच्या निश्नॉबे आस्की नेशनने आणीबाणी जाहीर केली. कारण काय, तर थंडी कमी पडली.

मग बारमाही रस्ता कुणाला नको असेल?

सरकारलाही हवाच आहे. पण सरकारची नजर किराण्यावर नाही, क्रोमाइटवर आहे. थंडर बे शहराच्या ईशान्येला सुमारे ५०० किलोमीटरवर, जेम्स बेजवळच्या दलदलीच्या प्रदेशात खनिजांचं घबाड सापडलं. नाव ठेवलं ‘रिंग ऑफ फायर’, जॉनी कॅशच्या गाण्यावरून. बारसं खाणवाल्यांनी उरकलं. पाळणा कुणाच्या घरात टांगलाय, हे मागाहून आठवलं.

डग फोर्ड २०१८ मध्ये निवडणुकीच्या धामधुमीत म्हणाले होते, वेळ पडली तर मी स्वतः बुलडोझरवर बसेन, पण तिथे रस्ता करेन. पुढे ते ओंटारिओचे प्रीमियर, म्हणजे प्रांताचे मुख्यमंत्री झाले. बुलडोझरवर बसायला निघालेला माणूस वाटेत थांबून विचारणार तरी काय?

पण विचारावं लागतं. १९८२ च्या घटनेतलं ३५ वं कलम आदिवासींचे हक्क मान्य करतं. २००४ च्या हैडा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की या हक्कांना धक्का लागणार असेल तर सरकारने आधी सल्लामसलत करायची, गरज असेल तिथे त्यांचं म्हणणं सामावून घ्यायचं. त्याच निकालात पुढे हेही आहे की याचा अर्थ आदिवासींना नकाराधिकार मिळाला असा नाही.

थोडक्यात, विचारणं सक्तीचं. ऐकणं तब्येतीनुसार.

मग सल्लागार येतात. विमानाने, कारण रस्ता नाही. बरोबर नकाशे, तक्ते आणि उचलता न येणारे अहवाल. रस्ता तळ्याच्या डावीकडून नेऊ की उजवीकडून? कॅरिबूंची वाट कुठे आडवी येते? अमुक तारखेपर्यंत लेखी अभिप्राय द्या. पर्याय भरपूर असतात. फक्त ‘नको’चा रकाना शोधावा लागतो.

वेबेक्वी आणि मार्टन फॉल्स या दोन समुदायांनी मात्र रस्त्यांच्या पर्यावरण अभ्यासाची सूत्रं स्वतःच्या हाती घेतली आहेत. त्यांना रोजगार हवा, स्वस्त किराणा हवा. त्यात चूक काय? चूक पुढे होते. दोन गावं ‘हो’ म्हणाली की त्याला ‘आदिवासींचा पाठिंबा’ म्हणतात. शेजारची गावं ‘थांबा’ म्हणाली की ‘चर्चा सुरू आहे’ म्हणतात.

त्या थांबा म्हणणाऱ्यांत नेस्कांटागा आहे. रस्त्याची साखळी ज्या अट्टावापिस्कट नदीवरून जाणार, तिच्यातल्या स्टर्जन माशावर या गावाचा जीव. गावात फेब्रुवारी १९९५ पासून सूचना लागू आहे: पाणी उकळून प्या. त्यानंतर जन्मलेली पोरं आता स्वतः आईबाप झाली. २०२० मध्ये, ऐन कोविडमध्ये, पाण्यापायीच सगळं गाव थंडर बेच्या हॉटेलांत हलवावं लागलं. पुढच्याच वर्षी गाव कोर्टात गेलं: अशा हालतीत केलेली सल्लामसलत खरी मानायची का?

नळाला पाणी नाही, पण मत मुदतीत हवं!

त्यात गंमत अशी, की आदिवासी गावांच्या पाण्याची जबाबदारी मुख्यतः ओटावाची, म्हणजे केंद्र सरकारची, आणि हा रस्ता ओंटारिओच्या अजेंड्यावर. गाव दोघांच्याही प्रतीक्षायादीत.

सरकारी कामाला वेळ लागतो, असं म्हणता? मग शोल लेक ४० या आदिवासी गावाचं ऐका. विनिपेग शहराला पाणी नेण्यासाठी जो जलमार्ग १९१९ मध्ये पुरा झाला, त्याच्या खोदकामाने हे गाव बेटावर अडकलं. शहराचा नळ वाहू लागला. गावाला १९९७ पासून पाणी उकळून प्यावं लागलं, ते २०२१ पर्यंत. गावाने रस्ता मागितला. मिळाला जून २०१९ मध्ये. लांबी किती? साधारण २४ किलोमीटर.

शंभर वर्षांत २४ किलोमीटर. माणसांनी मागितला की रस्त्याचा वेग हा असा असतो.

खनिजाने मागितला की? जून २०२५ मध्ये ओंटारिओने ‘बिल ५’ मंजूर केलं. त्यात ‘विशेष आर्थिक क्षेत्र’, म्हणजे सेझ, जाहीर करून तिथे प्रांताचे कायदे बाजूला ठेवायची सोय आहे. आदिवासी नेत्यांनी आक्षेप घेतला की हे ठरवताना आम्हाला विचारलंच नाही. उत्तर आलं, कायदा होऊ द्या, मग सल्लामसलत करू. लग्न लावून झाल्यावर मुलीची पसंती!

सेझ म्हटलं की रायगडकरांचे कान टवकारतात. २००८ मध्ये पेण तालुक्यातल्या गावांत सेझवर चक्क मतदान घेतलं होतं. आपल्या सरकारांचं फारसं कौतुक करायची वेळ येत नाही, पण निदान तिथे ‘नको’ म्हणायची सोय होती.

गाव घाईत असलं की कायद्याला वेळ लागतो. खाण घाईत असली की कायदाच आडवा येतो. मग तो हटवतात.

तेव्हा एकदा गावांनीच सरकारशी सल्लामसलत करावी. हजार पानांचा अहवाल ओटावा आणि टोरोंटोला धाडावा. प्रश्न एकच: आधी नळ, मग रस्ता, चालेल का? लेखी अभिप्राय साठ दिवसांत द्यावा.

मुदतीत न आल्यास सरकारचा होकार समजला जाईल.