बंपर-दुरुस्ती स्वहस्ते : एमएच-२५ आवृत्ती

बंपर हा धक्का खाण्यासाठीच बसवलेला असतो, ही गोष्ट आधी विसरून जा. ती लक्षात ठेवलीत तर ओरखड्याचं दुःख होणार नाही, दुःख झालं नाही तर हातात पॉलिश पेपर येणार नाही, आणि हे मार्गदर्शन फुकट जाईल. अँबॅसिडर आणि पद्मिनीच्या काळी बंपर लोखंडाचा, वर क्रोमचा मुलामा. तो धक्का खायचा आणि द्यायचाही. मग स्वस्त गाड्यांना काळ्या प्लास्टिकचा बिनरंगी बंपर आला. त्यावर ओरखडा उठला तरी काळ्यावर काळं, कुणाला दिसायचं? पुढे बंपरला गाडीचाच रंग देण्याची टूम निघाली आणि शोरूमवाले त्याचे वरच्या मॉडेलमध्ये जादा पैसे घेऊ लागले. म्हणजे मार खाणारा भाग आधी पैसे भरून नाजूक करून घ्यायचा आणि मग आयुष्यभर त्याला जपायचं. हे एकदा मनाने पत्करलं, की खालच्या पायऱ्या सोप्या आहेत.

साहित्य

गाडी धुण्याचा शाम्पू, दोन बादल्या पाणी, मऊ फडकी. पॉलिश पेपर ४००, ८००, १५०० आणि २००० नंबरचे. रबिंग कंपाउंड. मास्किंग टेप आणि जुनी वर्तमानपत्रं. काम वाढलं तर प्लास्टिकचा प्रायमर, रंगाचा आणि क्लिअरचा स्प्रे कॅन. शिवाय दोन खुर्च्या. बंपरपुढे उकिडवं बसलेला माणूस पाहून गल्लीतून जाणारा मनुष्य थांबत नाही, असं धाराशिव जिल्ह्यात कुठेही घडत नाही, आणि थांबलेल्याला उभं ठेवणं बरं दिसत नाही.

पायरी पहिली : ओरखड्याची जात ओळखा

दुसरीकडची पुस्तकं ओरखड्याचे ‘हलका’ आणि ‘खोल’ असे दोनच प्रकार सांगतात. आपल्याकडे तेवढ्याने भागत नाही.

उसाचा ओरखडा : गाळप हंगामात कळंब-ढोकीकडच्या रस्त्यावर एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या असतात. पहिली ट्रॉली तुम्हाला बघून बाजूला होते, दुसरीला तुमची ओळख नसते. बाहेर आलेली उसाची टोकं डाव्या-उजव्या कोपऱ्यावर बारीक, आडव्या, लांबलचक रेषा ओढून जातात. रेषा पुष्कळ असल्या तरी बहुधा उथळ. बरा होणारा प्रकार.

शेळीचा ओरखडा : गाडी बाभळीखाली किंवा लिंबाखाली लावली, की हा मिळतो. पाल्यापर्यंत तोंड पोचावं म्हणून शेळी पुढचे दोन पाय बंपरवर टेकते. दोन उभे, शेजारी शेजारी ओरखडे हे तिचे दस्तखत. जिल्ह्याचं नाव २०२३ साली बदललं, तरी ही काळीभोर जात देशभर उस्मानाबादी म्हणूनच ओळखली जाते. जुळ्या पिलांसाठी तिची ख्याती आहे, त्यामुळे पुढच्या वर्षी ओरखडे तिप्पट धरून चाला. मालकाशी भांडायला जाऊ नका. तो आधी ‘माझ्या शेळीच्या पायाला लागलं असतं म्हंजी?’ हे विचारणार.

तुळजापूरचा ओरखडा : मंगळवारी, पौर्णिमेला किंवा नवरात्रात वाहनतळावर मिळतो. कोपरा चेपलेला, त्यावर दुसऱ्याच्या गाडीचा रंग आणि कुणाचा तरी कुंकवाचा हात. करणारा सापडत नाही. सापडला तरी तोही दर्शनालाच आलेला, त्यामुळे दोघांनाही मोठा आवाज काढता येत नाही. ‘आईची इच्छा’ म्हणून दोघं आपापल्या वाटेने जातात.

घरचा ओरखडा : गल्लीतल्या ओट्याचा, फाटकाच्या कडीचा किंवा दगडी पायरीचा. हा सर्वांत खोल असतो. याला जबाबदार कुणीच नसतं, तो ‘आपोआप’ होतो.

पायरी दुसरी : धुवा

धुतल्यावर निम्मे ओरखडे नाहीसे होतात, कारण ते ओरखडे नसून चिखल असतो. उरलेल्यांतले काही म्हणजे तुमच्या गाडीवर चिकटलेला दुसऱ्याचा रंग. तो कंपाउंडने चोळून निघतो. थिनर लावू नका. थिनर दुसऱ्याचा रंग काढतो आणि मग न विचारता तुमचाही काढतो. चेपलेला कोपरा असेल तर त्यावर चांगलं कढत पाणी ओता आणि आतून हाताने दाबा. प्लास्टिक ऊन झालं की नरमतं आणि पुष्कळदा ‘टप्प’ करून जागेवर येतं. हा प्रयोग लोखंडी पत्र्यावर करू नका, पाणी वाया जाईल.

पायरी तिसरी : नख फिरवा

बंपरवर तळाला प्लास्टिक, त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर असे थर असतात. ओरखड्यावरून आडवं नख ओढा. नख अडलं नाही, तर जखम क्लिअरपुरतीच आहे आणि कंपाउंडने जाईल. नख अडतंय, पण खाली रंगच दिसतोय, तर २००० नंबरचा पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून हलक्या हाताने घासा, मग कंपाउंड. खाली काळं दिसलं, तर ते प्लास्टिक. तिथे घासून काही उपयोग नाही, रंगच द्यावा लागतो.

पायरी चौथी : सल्ले ऐकून घ्या

एव्हाना दोन्ही खुर्च्या भरलेल्या असतील. पहिला सल्ला टूथपेस्टचा येतो. त्यात तथ्य आहे : पेस्टमध्ये बारीक खरखरीत पूड असते, पुसट रेषा तिने जातात. काळं दिसणाऱ्या ओरखड्यावर मात्र टूथपेस्टने फक्त वास सुधारतो. दुसरा सल्ला खोबरेल तेलाचा. तेल भेगेत बसतं, ओरखडा गायब होतो आणि पहिल्या धुण्याला परत येतो. गाडी विकायला काढली असेल, तर पाहुणे बघायला येण्याआधी हाच सल्ला मानण्याचा मोह होतो, पण घेणारेही आपल्याच जिल्ह्यातले असतात आणि सोबत ओलं फडकं घेऊन येतात. तिसरा सल्ला ‘त्याच्यावर स्टिकर मारा की’ असा असतो. जिल्ह्यातल्या कित्येक मागच्या बंपरांवरची देवभक्ती आणि पितृभक्ती नीट उचकटून पाहिली, तर खाली काय सापडेल हे सांगायला नको.

पायरी पाचवी : रंग द्या

कडा ४०० ने मारा, ८०० ने गुळगुळीत करा. खड्डा असेल तर लांबी भरा, पण पत्र्याची नव्हे, प्लास्टिकची. बंपर लवतो, पत्र्याची लांबी लवत नाही, तडकते. मग प्लास्टिकचा प्रायमर. तो वगळलात तर रंग पुढच्या उन्हाळ्यात पापडासारखा सुटून येईल. स्प्रे कॅन वीतभर लांब धरा आणि पातळ हात तीनदा फिरवा. एकाच जाड हातात उरकायला गेलात तर ओघळ येतात. प्रत्येक थर वाळू द्या, शेवटी क्लिअर.

रंग ‘पांढरा’ म्हणून विकत आणू नका. कंपनीगणिक पांढरे वेगळे आहेत. गाडीवरच्या पट्टीवर रंगाचा कोड असतो, तो दुकानदाराला सांगा. तरीही नवं ठिगळ उठून दिसेल, कारण कोड गाडीच्या जन्मदिवसाचा रंग सांगतो आणि तुमची गाडी तेव्हापासून मराठवाड्याच्या उन्हात उभी आहे. म्हणूनच गॅरेजमधले मिस्त्री ‘मालक, अख्खा बंपरच मारावा लागतोय’ म्हणतात, आणि त्या वेळी ते खरं बोलत असतात.

पायरी सहावी : विम्याचा विचार करून सोडून द्या

१५०० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला दर दाव्यामागे पहिले १,००० रुपये तुमच्याच खिशातून जातात, त्यावरच्या गाडीला २,०००. ‘झिरो डेप’ घेतलेलं नसेल, तर बदललेल्या प्लास्टिकच्या भागाची निम्मीच किंमत धरली जाते. शिवाय दावा न केल्याबद्दल पुढच्या हप्त्यावर मिळणारी २० ते ५० टक्के सूट बुडते. हिशेब कागदावर मांडा, कागदाचा चुरगळा करा आणि त्यानेच बंपर पुसा. बंपरपुढे लोखंडी गार्ड बसवण्याचा विचारही याच वेळी सुचतो. केंद्राने २०१७ च्या डिसेंबरातच त्याला मनाई केली आहे : धक्का गार्डावर बसला की एअरबॅगच्या सेन्सरला वेळेवर पत्ता लागत नाही, आणि समोरच्या पायी माणसाला लोखंड लागतं.

पायरी सातवी : मुहूर्त

रंगाला कोरडी हवा, बिनधुळीची जागा आणि नंतर काही आठवडे कुणाचा धक्का न लागणं, एवढंच हवं असतं. वर्ष काढून बघा. जून ते सप्टेंबर पाऊस. दमट हवेत क्लिअर दुधाळ पडतं. मग नवरात्र आणि लगोलग आश्विनी पौर्णिमा. तुळजापूरच्या वाटा माणसांनी भरलेल्या. दिवाळीला गाडीच्या पूजेत ओलं हळद-कुंकू. त्यानंतर ऊस निघतो तो मार्चपर्यंत रस्त्यावरच असतो. ऊस सरता सरता लग्नसराई, मंगल कार्यालयाच्या आवारात एकाला एक चिकटून लावलेल्या गाड्या आणि वरातीपुढे नाचणारे करवल्यांचे भाऊ.

उरतो अधिक मास. त्यात लग्नं नसतात. २०२६ साली तर तो ज्येष्ठात, म्हणजे १७ मे ते १५ जून असा ऐन उन्हाळ्यात आलाय : ऊस संपलेला, पाऊस दारात, हवा कोरडी. बंपर मारायचा तर तेव्हाच मारा. फक्त आपल्याकडे तो धोंड्याचा महिना. त्यात जावई धोंडे खायला सासुरवाडीला येतात, गाडी घेऊन येतात, गाडी नवी असते आणि रिव्हर्स अजून बसलेला नसतो. आणि काही झालं तरी धोंड्याच्या जावयाला बोलायची पद्धत नाही. त्याला पुरणावर तूप वाढा, आणि दुसऱ्या दिवशी तो निघाला की पुन्हा पायरी दुसरीपासून सुरुवात करा. पहिलीची गरज नाही. या ओरखड्याची जात तुम्हाला ठाऊक आहे.