व्हेटोचा मुहूर्त

अमेरिकेत पेटंटचा खटला जिंकणे वेगळे आणि जिंकलेले पदरात पडणे वेगळे, हे सॅमसंगला २०१३ साली उमगले. जूनमध्ये तिथल्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने सॅमसंगच्या पेटंटभंगाबद्दल ॲपलला दोषी धरून काही जुन्या आयफोन-आयपॅडच्या आयातीवर बंदी घातली. अशा आदेशावर राष्ट्राध्यक्षांना विचारासाठी साठ दिवस मिळतात. एरवी ते दिवस नुसते सरतात. १९८७ नंतर कोणाला फारसा विचार सुचलाच नव्हता. ऑगस्टमध्ये मात्र तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ओबामा यांचे व्यापार प्रतिनिधी मायकेल फ्रोमन यांना एकदम ग्राहकांचा कळवळा आला आणि बंदी रद्द झाली. कारण असे की, ज्या पेटंटशिवाय फोन मोबाइल जाळ्याशी जोडलाच जात नाही, ते वाजवी दराने सर्वांना द्यायचे असते. त्याच्या जोरावर बंदी मागणे बरे नव्हे. मुद्दा बिनतोड, हीच तर पंचाईत!

ऑक्टोबरात पारडे फिरले. आता बंदी सॅमसंगच्या जुन्या फोनवर होती आणि पेटंटे ॲपलची, तीही अशी अपरिहार्य नसलेली. सबब हस्तक्षेपाचे कारण उरले नाही. ग्राहक बहुधा तेवढ्यात सुट्टीवर गेले असावेत. सॅमसंगच्या मायदेशाने, दक्षिण कोरियाच्या सरकारने, ॲपलवरील बंदी रद्द झाल्याबद्दल ऑगस्टमध्येच चिंता व्यक्त करून ठेवली होती. तिला पेटंट लागत नाही.