गुडघ्याखाली उघडा

लॅक्रॉसच्या गोलकीपरला हेल्मेट असतं, गळ्याला पट्टी असते, छातीला चिलखत असतं. पाय मात्र पुरुषांच्या मैदानी खेळात बहुतेक कीपर उघडेच ठेवतात. का, असं विचारलं की बाल्टिमोरची शेंबडी पोरंसुद्धा आपल्याकडे कीव आल्यासारखी बघतात. पॅड बांधले तर पाय हलणार कसे? चेंडू भरीव रबराचा, जवळजवळ दीडशे ग्रॅमचा. तरण्या पोरांच्या हातून तो ताशी सव्वाशे किलोमीटरने सहज सुटतो. आणि सहा फूट बाय सहा फुटांच्या चौकटीत मी एकटा.

कॉलेजात आपण विकेटकीपर होतो, हे इथल्या मराठी मंडळींना मी इतकी वर्षं ऐकवत आलोय की बापांच्या लॅक्रॉस संघाला कीपर हवाय म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्याकडेच पाहिलं. मीही मान खाली घालून, विनयाने, पाहू दिलं.

आता विकेटकीपिंगचा विषय निघालाच आहे (मीच काढला), तर फारूख इंजिनिअरांबद्दल बोलायलाच हवं. दादर पारसी कॉलनीतला हा माणूस 46 कसोट्या खेळला. पण माझे काका सांगायचे ते त्यांच्या ब्रिलक्रीमच्या जाहिरातीबद्दल. स्टंपांमागे उभं राहायचं आणि वर देखणंही दिसायचं! 1983 च्या विश्वचषकात आपले विकेटकीपर किरमाणी, त्यांना डोळ्यांत तेल घालून पाहिलं खरं, पण आरशासमोर मला व्हायचं होतं इंजिनिअर. टेस्टमध्ये घाम येईल म्हणून नव्हे, भांग मोडेल म्हणून मी हेल्मेट टाळलं असतं. पुढे केसांच्या बाबतीत मी इंजिनिअरांपासून निघालो आणि यथावकाश किरमाणींपाशी पोचलो. असो. दोघांना बघून-ऐकून शिकलो ते एकच: चेंडू आला की हात त्याच्याबरोबर अलगद मागे न्यायचे.

लॅक्रॉसमध्ये नेमकं उलटं. चेंडूवर चालून जायचं.

"बाबा, तू मागे सरतोस," लेक म्हणाली. ती स्वतः कीपर आहे. मुलींच्या खेळात कीपरच्या पायांना पॅड सक्तीचे असतात. ते नियम कोणीतरी शहाण्याने केलेत. "मारणाऱ्याच्या तोंडाकडे बघू नकोस, त्याच्या स्टिकच्या जाळीतल्या चेंडूकडे बघ. सुटला की आधी वरचा हात, मग चेंडूच्या बाजूचा पाय, तिरका पुढे. आणि डोळे मिटू नकोस."

बाकी सगळं जमेल, पण डोळ्यांचं काय करायचं? त्यांना छाती किती इंच आहे ते कळत नाही. म्हणून टेनिस बॉलने सराव. लागत नाही, हे पापण्यांना हळूहळू पटत जातं म्हणे.

"अर्धे अडवलेस तरी खूप झालं," ती म्हणाली. हे खरं आहे, भल्याभल्या कीपरांचा हिशेब पन्नास टक्क्यांच्या आसपासच असतो. आमच्या घरी पन्नास टक्क्यांना मुलगा वाया गेला म्हणत.

मी मात्र परवा एकापाठोपाठ एक अडवत सुटलो. छाती फुगली. मग लक्षात आलं, चेंडू कमरेच्या उंचीवर, माझ्या उजव्या हाताकडेच येतायत. ती तीन वर्षांची असताना प्लास्टिकचा बॉल मी असाच तिच्या बॅटवर नेऊन ठेवायचो आणि ओरडायचो, वा!

"वा, बाबा!" ती ओरडली.

घशात काहीतरी अडकलं आणि त्याच क्षणी रागही आला. "मी काय म्हातारा झालोय? जोरात टाक!"

तिने मान डोलावली आणि पिशवीतून रबरी चेंडू काढला.

"थांब," मी म्हणालो, "तुला फारूख इंजिनिअरांचं सांगितलंय का कधी?"