मिरजेत मिळत नाही म्हणजे काय!

"मिरजेत मिळत नाही म्हणजे काय? अगं, वानलेस साहेबाच्या काळापासून दवाखान्यांचं गाव हे. पार कर्नाटकातनं माणसं दुखणी घेऊन येतात इथं. आणि एक गोळी मिळत नाही?"

भिंतीपलीकडं काकूंनी धुण्याची बादली खाली ठेवली. बादली खाली आली म्हणजे बैठक लांबणार, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे.

"दुकानं चिक्कार आहेत हो काकू. पण ही गोळी कुणी ठेवत नाही. दाजींना यकृताचा कॅन्सर निघालाय ना, त्यावर डॉक्टरांनी सोराफेनिब लिहून दिलंय. दोनशे मिलिग्रॅमची गोळी, सकाळी दोन, रात्री दोन. ताई चिठ्ठी घेऊन दुकानं पालथी घालतीय. एक म्हणतो येत नाही, दुसरा म्हणतो उद्या बघू, तिसरा म्हणतो मागवून देतो, पण पैसे आधी भरा, आणि आणलेला माल परत घेणार नाही."

"मग तो तिसरा बरा की! निदान खरं तरी बोलला."

"खरं कसलं? अडलेल्या माणसाकडनं आधी पैसे मागायचे?"

"बघ, तापाच्या गोळ्या रोज खपतात. ही गोळी पंचक्रोशीत किती जणांना लागणार? त्यानं डबा आणून ठेवायचा, हजारो रुपये त्यात अडकवायचे, आणि मुदत संपली की कंपनीच्या मागं लागायचं. शिवाय तोंडावर बोलू नये, पण या औषधांचं गिऱ्हाईक मध्येच थांबतं. डॉक्टर औषध बदलतात, नाहीतर…" काकूंनी पुढचं गिळलं आणि भिंतीवर झुकलेल्या शेवग्याची एक शेंग उगाचच हातानं बाजूला सारली. "म्हणून ठेवत नाहीत. माझा भाचा कोल्हापूरला औषधांच्या होलसेलला आहे, त्यानंच सांगितलंय मला हे सगळं. किरकोळ दुकानातनं फिरण्यात अर्थ नाही. ज्या डॉक्टरांनी लिहून दिलं, त्यांच्या दवाखान्यातल्या मेडिकलमध्ये आधी विचारायचं. असल्या चिठ्ठ्या त्यांच्याकडं रोज येतात, माल कुठल्या स्टॉकिस्टकडं पडलाय हे त्यांना ठाऊक असतं. तिथं नसेल तर कंपनीच्या एमआरचा नंबर मागायचा. तेही नाही जमलं तर मुंबईची प्रिन्सेस स्ट्रीट आहेच."

"ताई एकाच कंपनीचं नाव धरून बसली होती. चिठ्ठीवर तेच होतं म्हणे."

"आता हे बघ! औषध एक आणि नावं दहा. त्या सोरा… काय ते, त्याच्या गोळ्या कितीतरी कंपन्या काढतात. डॉक्टरांना फोन करायचा, दुसऱ्या कंपनीची चालेल का विचारायचं, चालेल म्हणाले की तसं चिठ्ठीवर लिहून घ्यायचं. दुकानदारानं आपल्या मनानं बदलून दिलेलं मात्र घ्यायचं नाही हं. एक दुकानदार परवा मला रक्तदाबाच्या गोळीऐवजी भलतंच देत होता. नवी गाडी घेतल्यापासून त्याचं लक्ष गल्ल्यावरच असतं."

एवढ्यात पडवीतून काकांचा आवाज आला. काका कोर्टात शिरस्तेदार होते. निवृत्तीनंतरही निकालांची कात्रणं वहीत चिकटवतात, आणि ऐकणारं कुणी सापडलं की वही उघडतात.

"सोराफेनिब? म्हणजे नेक्सावार! बायर विरुद्ध नॅटको!"

"झालं, उघडली वही," काकू पुटपुटल्या.

पण मला ऐकायचं होतं, म्हणून मी भिंतीला आणखी टेकले. काका म्हणाले, या गोळीचं पेटंट जर्मनीच्या बायर कंपनीकडं होतं. महिन्याच्या एकशेवीस गोळ्यांना दोन लाख ऐंशी हजारांच्या वर पडायचे. हैदराबादच्या नॅटकोनं मुंबईच्या पेटंट कार्यालयात अर्ज केला की आम्हाला ही गोळी बनवू द्या. 9 मार्च 2012 ला पेटंट नियंत्रकांनी सक्तीचा परवाना दिला, देशातला पहिला. किंमत ठरवून दिली महिन्याला 8,880 रुपये, आणि त्यातले सहा टक्के बायरला द्यायचे.

"दोन लाख ऐंशी हजार?" काकूंनी गालावर हात ठेवला. "महिन्याला? अहो, तुमचा पगार किती होता हो तेव्हा?"

"माझ्या पगाराचा काय संबंध? मुद्दा ऐक. कायद्यानं तीन गोष्टी तपासल्या. लोकांची गरज भागतीय का, लोकांना परवडेल अशी किंमत आहे का, आणि इथं देशात बनतंय का. बायर माल बाहेरून आणायची, आणि तो पोचायचा गरजू रोग्यांतल्या जेमतेम दोन टक्क्यांपर्यंत. म्हणजे औषध कागदावर होतं, दुकानात नव्हतं. आता तू भिंतीवरून जे विचारतेस ना, मिळत का नाही म्हणून, तेच तिथं विचारलं गेलं. बायर वर मुंबई उच्च न्यायालयात गेली, 2014 ला तिथंही हरली."

"म्हणजे मी न शिकता वकील," काकू म्हणाल्या आणि काकांकडं पाठ केली.

मला मात्र राहून राहून वाटत होतं, दोन लाखांची गोळी हजारांवर आणायला एवढी मोठी लढाई झाली, आणि आता घोडं अडलंय ते कोपऱ्यावरच्या मेडिकलच्या फळीवर. पण हे बोलले असते तर काकांनी दुसरी वही काढली असती.

"काकू, अजून एक सांगायचं राहिलं. ताईच्या दिराचा कुणी मित्र आहे. तो म्हणतो दिल्लीहून अर्ध्या किमतीत आणून देतो. बिल मात्र नाही."

"खबरदार!" काकूंचा आवाज पलीकडच्या गल्लीत गेला असेल. "2024 च्या मार्चमध्ये दिल्लीत काय झालं ऐकलं नाहीस? कॅन्सरच्या महागड्या इंजेक्शनच्या रिकाम्या कुप्या गोळा करायचे आणि त्यात बुरशीवरचं औषध भरून विकायचे. पोलिसांनी टोळी धरली तेव्हा दवाखान्यातली माणसंसुद्धा त्यात निघाली. मरणाच्या दारातल्या माणसाला फसवायचं! हातपाय झडतील मेल्यांचे. त्या मित्राला म्हणावं, बिल दे, बिलावर बॅच नंबर दे, मग अर्धी सोड, पुरी किंमत देतो."

"तो म्हणे ओळखीतला आहे."

"फसवणारा ओळखीतलाच असतो. अनोळखी माणसाला आपण दारात तरी उभं करतो का?"

मग गाडी किमतीवर आली. छापील किंमत बघून घाबरायचं नाही, असं काकूंचं म्हणणं. कॅन्सरच्या कितीतरी गोळ्यांवर छापलेला आकडा आणि हातात पडणारा भाव यांचा मेळ नसतो, दोन-तीन ठिकाणी विचारलं की फरक कळतो. सरकारनं 2019 च्या फेब्रुवारीत कॅन्सरच्या बेचाळीस औषधांवर विक्रेत्यांचा नफा तीस टक्क्यांवर अडवला, हेही त्यांना माहीत होतं. (हे काकांच्या वहीतलं असणार, पण काकूंनी तसं कबूल केलं नाही.) दवाखान्यात फुले योजनेचा आरोग्यमित्र बसतो, त्याच्यासमोर रेशनकार्ड ठेवून काय बसतंय ते विचारायला ताईला सांग, असंही त्यांनी बजावलं.

"अहो, मिळालीय आता गोळी," मी शेवटी सांगून टाकलं. "काल संध्याकाळी आली. त्या तिसऱ्यानंच मागवून दिली."

"आँ? मिळाली? आणि मघापासून मला बोलायला लावतीस?"

"तुम्ही बोलू कुठं दिलंत!"

काकू क्षणभर फुगल्या, पण विषयातला रस सुटेना. "बरं, पाकीट नीट बघितलं का? मुदत? बिल?"

"सगळं बघितलं. उपाशीपोटी घ्यायची आहे, जेवणाआधी एक तास नाहीतर जेवणानंतर दोन तासांनी. आणि तळहात-तळपाय लाल होऊन सोलतात म्हणे, तसं झालं तर लगेच कळवा म्हणालेत. लावायला युरियाचं मलम दिलंय."

"मी लोणी देते घरचं."

"नको काकू, डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही लावायचं नाही."

"नको तर नको. लोण्याला काय, पोळीवर जाईल." काकूंनी बादली उचलली आणि परत ठेवली. "पण पुढच्या महिन्याचं काय? पाकीट संपल्यावर पळापळ करून चालायचं नाही."

"तेच तर. तो म्हणतो पुढच्या वेळीही पैसे आधीच लागतील, आणि आठवडाभर आधी सांगा. ताईची एफडी मोडायची आहे, पैसे हातात यायला वेळ लागेल. तेवढा तो थांबायला तयार नाही."

"कुठलं दुकान म्हणालीस? बसस्टँडच्या मागचं? पायऱ्या चढून जायचं?"

"हो, तेच."

"अगं, मग आधी नाही का सांगायचं! त्याची बायको आमच्या भिशीत आहे. या महिन्याचा नंबर तिचा, आणि पैसे माझ्याकडं जमा आहेत." काकूंनी पदर खोचला. "आज चारला येणार आहे घ्यायला. चहाला ये तूही. ताईची चिठ्ठी घेऊन ये."