अॅक्मेचं निष्ठावंत गिऱ्हाईक

१९४९ साली कार्टूनकार चक जोन्सने पडद्यावर अमेरिकेतल्या वाळवंटात एक उपाशी कायोटी, म्हणजे लांडग्याचा धाकटा भाऊबंद, सोडला आणि त्याच्यापुढे रोडरनर पक्षी पळवला. खऱ्या जगात कायोटी ताशी साठेक किलोमीटर धावतो, रोडरनर जेमतेम तीस. म्हणजे हा गृहस्थ नुसता पळाला असता तरी पहिल्याच भागात ढेकर देऊन मोकळा झाला असता. पण नाही, साहेबांना अॅक्मे कंपनीची रॉकेटंच हवीत! रॉकेट भलतीकडे उडतं, स्प्रिंग मालकालाच कातळावर आपटते आणि तरी पुढची ऑर्डर त्याच कंपनीला. एवढी पार्सलं मागवायला पैसे आहेत, तर एखादी कोंबडी विकत घे की बाबा!

मला सगळ्यात आवडतो तो कड्यापलीकडचा क्षण. पायाखाली नुसती हवा, तरी स्वारी पडत नाही. गुरुत्वाकर्षणाचाही कारभार सरकारी: अर्जदाराने खाली पाहिल्याशिवाय फाइल हलायची नाही. मग तो खाली बघतो, आपल्याकडे बघतो, कान लोंबतात आणि थेट तळाशी धुळीचा बारीकसा पुंजका. वरून धोंडा येत असेल, तर हा बिचारा एवढीशी छत्री उघडतो. धोंड्याला छत्री!

कातळावर त्यानेच रंगवलेल्या बोगद्यातून रोडरनर सुसाट आरपार जातो. हा मागून धावला की कपाळमोक्ष.

या सगळ्यात तोंडातून अवाक्षर नाही. बग्ज बनीसमोर मात्र १९५२ साली त्याला वाचा फुटली. तिथे त्याने सशाला स्वतःची ओळख करून दिली. हुद्दा सांगितला: ‘जिनियस’.